टाकीवरचे मामा

मत्स्यालयाच्या टाकीत उतरायच्या आधी मामा प्रत्येक पाणबुड्याला एकच गोष्ट विचारत. "भ्या वाटतंय का?" विचारताना आपला हात हातात घेत, तोही प्रेमाने नव्हे, वैद्य नाडी बघतो तसा. "छे, भीती कसली!" असं कुणी म्हणालं की हात सोडून देत आणि सांगत, "मग आज काचंच्या ह्या अंगाला बसा. च्या प्या." त्या माणसाचा रविवार तिथेच संपला. मग तो पुण्याहून पहाटे गाडी काढून आलेला असो, नाहीतर अंदमानात शार्कबरोबर फोटो काढून आलेला असो. वरपर्यंत तक्रारी गेल्या, पण मामा हटले नाहीत. पुढे पुढे सगळे स्वयंसेवक शहाणे झाले आणि "हो मामा, खूप भीती वाटते" असं पाठ म्हणू लागले. मामा तरीही हात चाचपायचे. हात कोरडा आणि गरम लागला की म्हणायचे, "लबाड बोलताय. तुमचा हात भ्यायलेला न्हाई."

मला त्यांनी एकदाही परत पाठवलं नाही, कारण मी जन्माची भित्री. पाल दिसली की मी खुर्चीवर चढते. वरंधा घाटातून एसटी निघाली की डोळे मिटून घेते आणि महाडला पोचल्यावरच उघडते. भोरला एका दवाखान्यात मी एक्स-रे काढते, त्यामुळे माणूस कुठे कुठे मोडू शकतो हे मला जरा जास्तच ठाऊक आहे. अशा बाईने मत्स्यालयाच्या टाकीत, विषारी काट्याच्या पाकट माशांच्या शेजारी, फुकटात काम करायला का जावं, असं घरचे विचारत. वडिलांनी लहानपणी नीरेच्या डोहात पोहायला शिकवलं होतं आणि पाण्याखाली गेलं की माझ्या डोक्यातली किरकिर थांबायची, एवढंच खरं.

हे मत्स्यालय कामथडीच्या अलीकडे, हायवेला लागून. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या तिथे वडापाव खायला थांबत, त्या गिऱ्हाइकांना समुद्र दाखवायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यातून निघाली. समुद्र घाटाखाली राहिला आणि आमच्याकडे मिठाच्या गोण्यांचे टेम्पो येऊ लागले. गोड्या पाण्यात ते मीठ कालवून मोठी काचेची टाकी भरली. रविवारी टाकीत उतरायला स्वयंसेवक पाणबुडे हवेत, शिक्षण मोफत, असा बोर्ड लागला, आणि भोर-वेल्ह्यातली आम्ही चार-सहा उत्साही माणसं जमलो; पुढे पुण्याहूनही काही येऊ लागले. काम म्हणजे काचेवरचं शेवाळ पुसायचं, माशांना खाऊ घालायचं आणि पलीकडच्या पोरांना हात हलवून दाखवायचा. सिलिंडर, हवा, कान, दाब यांचं शिक्षण मुंबईहून आलेल्या एका बाईंनी दिलं, परीक्षा घेतली, सर्टिफिकेट दिलं. मामांनी आम्हाला भ्यायला शिकवलं.

त्यांचं अधिकृत काम टाकीच्या वर बसून देखरेख करण्याचं. उलट्या बादलीवर पोतं टाकून ते बसत. अंगात बारमाही स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि शेजारी स्टीलचा भलामोठा थर्मास. त्यात कढत पाणी. पाकटाचा काटा लागला तर ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, कळ कमी होते, मग थेट दवाखाना गाठायचा, हा पहिला उपचार. म्हणून ते पाणी सकाळी भरायचं, दुपारी परत उकळून भरायचं. नसरापूरच्या शाळेतले एक मास्तर आमच्यात होते, माझे पाण्यातले जोडीदार. त्यांनी एकदा त्या पाण्यात कॉफीची पुडी सोडली. मामा त्यांच्याशी दोन रविवार बोलले नाहीत.

पाकट म्हणजे सुपासारखा चपटा मासा, शेपटीच्या बुडाशी विषारी काटा. वाळूत अंग पुरून पडतो, नुसते डोळे तेवढे वर. मामा त्याचं नाव घेत नसत. आमच्याकडे सापाला तिन्हीसांजेला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. मामांनी त्याच हिशोबाने पाकटाला रुंदाडं करून टाकलं होतं. सगळ्यांत मोठी मादी होती तिला मात्र मानाने "थोरल्या बाई" म्हणत. सकाळी आल्या आल्या वरून वाकून "बाई, उठलासा का?" अशी चौकशी होई. मामा मूळ गुंजवण्याचे, जन्म भाताच्या खाचरात आणि नदीत गेलेला. पूर्वी मासे आवडीने खात. टाकीवर आल्यापासून सोडले. का, असं विचारलं तर म्हणाले, "आता वळख झालीया."

रुंदाड्याच्या स्वभावाबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. "ते चावत न्हाई, अंगावर धावत न्हाई. गरीब जनावर हाय. आपून त्येच्या अंगावर पाय देतो. मग ते काय आरती ओवाळील व्हय?" पुण्याहून एक डॉक्टर येऊन पाकटांचे काटे नखं कापावीत तसे कापून जात. कापताना त्यांना दुखत नाही. पण काटा परत वाढतो. त्यामुळे मामांच्या लेखी काटा नेहमीच वाढलेला असे.

म्हणून पाय. मामांचा सगळा जीव आमच्या पायांत अडकलेला होता. टाकीत आम्ही पायांत पोहायचे पंखे घालत नसू, रबरी बूट घालून, कमरेला वजन बांधून तळावर चालत असू. तळाच्या वाळूत चालताना पाऊल उचलायचं नाही, घासत पुढे सरकवायचं. बूट नुसता बाजूने लागला तर पाकट उठून निघून जातं. वरून पाय पडला तर शेपूट फिरतं. गोष्ट एवढीच. शहरातली माणसं ती पटकन शिकत. फरशीवर सपाता ओढत चालायची त्यांना सवयच. पंचाईत आमच्याकडच्या माणसांची. भाताच्या चिखलात पाय घासून चालताच येत नाही, चिखल धरून ठेवतो. तिथे पाय सरळ वर उपसायचा आणि सरळ खाली रोवायचा. ज्याने लहानपणी आवणी, म्हणजे भातलावणी, केली त्याच्या पायाला ही खोड कायमची लागते. पायाखाली मऊ लागलं की पाय आपोआप उचलला जातो.

मी भोरची असले तरी आजोळ उत्रोलीचं, आणि आवणीच्या दिवसांत तिथल्या सख्ख्या मामाच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहिलेली. हे मी सांगायच्या आधीच मामांनी माझं पहिलं पाऊल बघून ओळखलं. "आवणी केलीय न्हवं? त्योच पाय. ह्यो पाय तुमाला मारील." मत्स्यालयाच्या आवारात लहान मुलांसाठी वाळूचा हौद होता. त्यात मामा आम्हाला अनवाणी चालवत. पोरं घसरगुंडीवरून ओरडतायत, त्यांचे आईबाप शूटिंग करतायत आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसं कोंबड्या उकरतात तशी वाळू उकरत फिरतोय. मध्येच मामा मागून येऊन खांद्यावर धाडकन थाप मारत. दचकलं की पाय उचलला जायचा. "मेलासा," मामा शांतपणे सांगत. "चला परत."

मी त्या हौदात अगणित वेळा मेले. एकदा तर रात्री उठून गादीवरची चादर झटकून पाहिली, खाली काही पुरून बसलेलं नाही ना म्हणून. मी मामांना म्हटलं, की अहो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तुम्ही आम्हाला आणखी कशाला भिववता? त्यांना ही म्हण मुळीच आवडत नसे. म्हणाले, "भित्याच्या पाठी आसतू. म्हंजी मागं आसतू. जो भीत न्हाई त्येच्या म्होरंच बसल्याला आसतू." आणि खरं सांगायचं तर मला त्या भीतीचा आधारही वाटायचा. माझी भीती आजवर सगळ्यांनी हसण्यावारी नेली होती. हा एकच माणूस ती हातात घेऊन तपासायचा.

मामा स्वतः मात्र पाण्यात उतरत नसत. तरुणपणी पाणबुड्याचं काम केलेला माणूस, पण टाकीची शिडी उतरून घोटाभर पाण्यातसुद्धा जात नसे. त्याचं कारण मला एकदा कामथडीच्या एसटी थांब्यावर कळलं. मला भोरकडे जायचं, त्यांना उलट नसरापूरला, तिथून वेल्ह्याची गाडी. पण माझी एसटी येईपर्यंत ते माझ्या बाजूला थांबत आणि मग हायवे ओलांडताना देवाचं नाव घेत. त्या दिवशी एसटी काही केल्या येईना. मी सहज विचारलं, की तो भीतीचा प्रश्न तुम्हाला कुणी शिकवला?

त्यांनी एसटी येते का ते वाकून पाहिलं. मग म्हणाले, "जोडीदार हुता माझा."

तरुणपणी ते एका ठेकेदाराकडे होते. लांबच्या कुठल्याशा धरणाच्या दाराला पाण्याखाली जाळी असते, तिथे वाहून आलेली झाडंझुडपं अडकतात, ती काढायचं काम. एकाने खाली जायचं, कमरेला दोर. दुसऱ्याने कपडे चढवून, तयारीत, दोर धरून वर बसायचं. खालून दोराला हिसके आले की वरच्याने उतरायचं. "त्या दिशी त्येची पाळी हुती. म्या इचारलं, पावसाचं दिस हायेत, पाण्याला वढ हाय, भ्या वाटतंय का? त्यो हसला. म्हनला, भ्या कसलं? आन् गेला." मामांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "मग दोराला हिसकं आलं."

जोडीदार वर आलाच नाही, हे त्यांनी न सांगताही कळलं. तेवढ्यात माझी एसटी आली आणि मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ते तिथेच उभे होते, हायवे ओलांडायचा विसरून. त्या दिवसापासून मी टाकीतून वर आले की आधी त्यांच्याकडे बघायची. आमच्यातलं प्रत्येक डोकं वर येईपर्यंत तो माणूस श्वास धरून बसलेला असे, हे मला तेव्हा दिसायला लागलं. आपल्यापैकी कुणाला खाली काही झालं तर हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही, अशी मला खात्री वाटायची आणि तीही एक नवी भीती होऊन बसली.

आणि नेमकं ते झालं, माझ्याच बाबतीत.

दिवाळीच्या सुट्टीतला रविवार. हायवेवर गाड्यांची रांग, गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. थोरल्या बाईंचा काटा चांगला वाढला होता आणि तो कापणारे डॉक्टर गावाला गेले होते. मामा सकाळपासून मॅनेजरच्या मागे लागले होते.

"आज कुनी उतरायचं न्हाई."

"मामा, एवढी माणसं आलीत. पाणबुडे कुठंयत म्हणून पोरं विचारतायत. थोडा वेळ फक्त. थोरल्या बाई त्या शोभेच्या जहाजापाशी झोपल्यात, ह्या दोघांना अलीकडच्या बाजूला राहू दे."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण त्याला गर्दी दिसत होती आणि मामांना काटा. शेवटी मामांनी निवाडा आमच्यावर सोडला. मास्तर हो म्हणाले, मीही हो म्हणाले. पोरं काचेला नाक लावून बसली होती. मामांनी माझा हात धरला. "भ्या वाटतंय?" म्हटलं, वाटतंय. त्यांनी हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. "मास्तर वर आलं की तुमी वर. येकलं ऱ्हायचं न्हाई."

थोडा वेळ सगळं ठीक चाललं. टाकीतलं जहाज प्लास्टरचं, खडकही प्लास्टरचे. मी खडक आणि पुढची काच यांच्यामधल्या कोपऱ्यात शेवाळ पुसत होते. मास्तरांनी कानाकडे बोट दाखवलं, कान दुखत होता, आणि वर जायची खूण केली. मीही खूण केली आणि ते वर निघाले. मी शिडीकडे जायला वळले. पाण्यात एकटी उरले, या विचाराने मी घाई केली आणि त्या घाईत पायाखाली वाळू मऊ लागली. माझा उजवा पाय उचलला गेला. तो हौदातला पाय नव्हता, उत्रोलीच्या खाचरातला होता. सरळ वर आला आणि सरळ खाली गेला.

खालची वाळू हलली. थोरल्या बाई जहाजापाशी नव्हत्याच. आमचं लक्ष नसताना त्या सरकत येऊन इथे पुरून बसल्या होत्या. माझा बूट त्यांच्या पंखाच्या अगदी कडेवर पडला होता. त्या उसळल्या, मी मागे कोलमडून बसले, आणि वाळूचा ढग खाली बसल्यावर दिसलं ते असं. कोपऱ्यात थोरल्या बाई आणि कोपऱ्याच्या तोंडाशी, त्यांच्या बाहेर जायच्या वाटेवर, पाय पसरून मी. त्या एकदा काचेवर आपटल्या, एकदा खडकावर. मग माझ्या पसरलेल्या पायांवर येऊन टेकल्या. शेपूट कमानीसारखं वर आलेलं, माझ्या मांडीच्या बाजूला.

मी श्वास रोखला. पाणबुड्याने श्वास कधीही रोखायचा नसतो हा पहिला धडा, पण मी दिवसभर लोकांना श्वास रोखायला सांगणारी बाई. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. मांडीत मोठी रक्तवाहिनी कुठून जाते ते मला माहीत होतं. माझ्या डोळ्यांपुढे माझाच एक्स-रे आला आणि त्यात तो करवतीसारख्या दातांचा काटा.

पलीकडे गॅलरीत लोकांना वाटलं, खेळ चाललाय. "मांडीवर बसलंय बघ! ए, शूट कर, शूट कर!" कुणीतरी काचेवर थापा मारल्या. पाण्यात तो आवाज छातीवर बसतो. थोरल्या बाईंच्या कडा थरथरल्या आणि शेपूट आणखी वर आलं. आणखी थापा पडल्या. मी ओरडू शकत नव्हते, हलू शकत नव्हते. आता पुढची थाप पडली की संपलं, असं मला स्वच्छ कळत होतं.

तेवढ्यात काचेवर मामा दिसले. वर टाकीपाशी असायला हवे होते ते खाली गॅलरीत, गर्दीत. कानटोपी पडलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते लोकांकडे वळून काय ओरडले ते मला ऐकू आलं नाही, पण पुढच्या रांगेतली माणसं मागे सरली. मामांनी काचेला पाठ लावली, दोन्ही हात पसरले आणि ते काच झाकून उभे राहिले. थापा थांबल्या.

मग ते माझ्याकडे वळले. कपाळ काचेला टेकवलं. तोंड उघडून मोठा श्वास घेतला, छाती फुगवून दाखवली, आणि सोडला. परत घेतला, परत सोडला. माझ्या लक्षात आलं की मी अजून श्वास धरून बसले आहे. मी सोडला. बुडबुडे वर गेले. बाई हलल्या नाहीत. मामा श्वास घेत राहिले, मी त्यांच्याबरोबर घेत राहिले. सिलिंडरमधल्या हवेच्या मीटरचा काटा लाल पट्ट्याकडे चालला होता, तो मी एकदाच पाहिला आणि परत पाहिला नाही. मामांचे गाल ओले होते. नंतर त्यांनी तळवा काचेवर उभा ठेवला आणि बोटांनी मला बोलावलं. हळू. इकडे. माझ्याकडे. रुंदाडं अंगाशी आलं तर पाहुणीसारखं त्याला दार मोकळं ठेवावं, असं ते नेहमी सांगत. मी काचेच्या बाजूला, त्यांच्या बाजूला, बसल्या जागी नखभर सरकले. थांबले. परत सरकले. माझ्या दुसऱ्या अंगाला, खडकापाशी, फट वाढत गेली. थोरल्या बाईंना ती समजली असावी. त्यांची एक कड वर झाली, मग अंग उचललं गेलं, आणि माझे पाय हलके झाले. जाताना शेपटीने गुडघ्यापाशी अंगातला रबरी सूट टरकावला. कातडीला काही लागलं नाही.

वर आल्यावर मी कठड्यावर बसून रडले. मास्तर पाकट हाकलायला आणलेली काठी घेऊन उभे होते. मामा जिना चढून आले. खाली बसले, माझे बूट काढले आणि माझी पावलं हातात घेऊन घोटा, टाच, एकेक बोट तपासायला लागले.

"मामा, अहो पाय काय धरताय माझे? तुम्ही वडीलधारे."

"गप बसा. बगू द्या."

माझ्या पायांना काही झालेलं नाही हे त्यांना पटतच नव्हतं. दोनदा बघून झाल्यावर त्यांनी आपल्या स्वेटरच्या बाहीने माझे तळवे पुसले आणि ते उठून गेले.

गर्दीतल्या कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. काचेवर हात पसरलेले मामा ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. मत्स्यालयाच्या मालकांनी सत्काराचं ठरवलं, शाल आणली. मामा आले नाहीत. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलेनात. माझा जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी एक दिवस रजा टाकून मी वेल्ह्याच्या गाडीने गुंजवण्याला गेले.

घर सापडायला वेळ लागला नाही. मामा ओट्यावर बसले होते, पाठ गावालगतच्या धरणाच्या पाण्याकडे. मामींनी मला आत नेऊन हळूच सांगितलं, "बाई, तुमी तरी समजावा. आता हिरीवर बी जात न्हाईत. अंगुळीची बादली बगितली तरी मागं सरत्यात." चहा घेऊन मी ओट्यावर जाऊन बसले. काय बोलायचं ते गाडीत घोकून आले होते. म्हटलं, "मामा, तुम्ही काचेपुढे उभे राहिलात म्हणून मी आज आहे. तुम्ही वरून उडी मारली असती तर बाई बिथरल्या असत्या, काटा बसलाच असता. तुम्ही केलंत तेच बरोबर होतं."

"तुमी जित्या हाय, ते बेस झालं," मामा म्हणाले. "पर म्या तुमच्यासाठी आलो न्हवतो."

मला कळलं नाही.

"म्या शिडीपाशी गेलो. उतरायचं म्हनून. पाय म्होरं गेलाच न्हाई. मग पळालो. भाईर जायची वाट त्या गॅलरीतनंच हाय न्हवं. पळून चाललो हुतो म्या, ताई. धरनावर बी पळालो हुतो. दोर काठावरच्या दुसऱ्या गड्याच्या हातात दिला आन् पळालो. लोकास्नी वाटलं, मदत आनाया गेला."

मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी हे आधी कधी ऐकलं नव्हतं हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मला मामांचा राग आला नाही. जे वाटलं ती त्यांच्याबद्दलची माया होती.

"मग या खेपेला थांबलात का?" मी विचारलं.

"तुमी माज्याकडं बगितलं."

चहा निवून गेला. खाली खाचरांत भात कापून टाकलेलं होतं आणि पलीकडे धरणाचं पाणी. मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"येक इचारू? तवा काचंतनं म्या नीट दिसत हुतो का तुमाला?"

"हो. शेवटपर्यंत तुम्हीच दिसत होतात."

"म्हंजी येकलं वाटलं न्हाई?"

"नाही मामा. एकटं नाही वाटलं."

त्यांनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिले.

"माज्या जोडीदाराला वाटलं आसंल," ते म्हणाले. "तिथलं पानी गढूळ हुतं."